सदतीस बाजांची चौकशी

मानमोडीचा ज्वर ओसरून सव्वा वर्ष लोटले, तेव्हा सरकारच्या मनात एक सद्विचार उत्पन्न झाला. एकाच गावात, एकाच हवेत राहणाऱ्या माणसांपैकी एका आळीत माणसे पटापट मेली आणि दुसऱ्या आळीत तग धरून राहिली, असे का व्हावे, याचा शास्त्रशुद्ध शोध घ्यावा आणि त्यासाठी खजिन्यातून रक्कम मंजूर करावी, असा तो विचार होता. मंजुरीला एक अट जोडलेली होती. शोध एका शास्त्राने करायचा नाही. तीन शास्त्रांच्या तीन विद्वानांनी एकत्र बसून करायचा, आणि निष्कर्षावर तिघांची सही एकमताने पडायची. न पडल्यास रक्कम परत.

शके १८४१च्या माघ महिन्यात हे त्रिकूट अनसिंगपासून दोन कोसांवरच्या टेंभुरखेडला येणार असल्याची वार्ता आली. मंडळात इंग्रजी वैद्यकाचे डॉक्टर हिरालाल होते, आयुर्वेदाचे वयोवृद्ध वैद्यबुवा होते, आणि आकडेशास्त्र सांभाळण्यासाठी वाशीमच्या शाळेतले इंद्रभान मास्तर होते. घरोघरी काय विचारावे यावर या तिघांचा वीस दिवस वाद चालला. डॉक्टरांच्या प्रश्नाला वैद्यबुवा हसत, वैद्यबुवांच्या प्रश्नाला डॉक्टर हसत, आणि मास्तरांच्या प्रश्नाला दोघेही हसत. अखेर एकच प्रश्न तिघांना मान्य झाला: घरात बाजा किती? जमिनीच्या ओलीपासून रोगी उंचावर राहतो, म्हणून डॉक्टरांना तो पटला. शय्येचा वाताशी संबंध आहे, म्हणून वैद्यबुवांना पटला. बाज मोजता येते, म्हणून मास्तरांना पटला. ज्या आळीत बाजा सर्वांत कमी आणि मृत्यू सर्वांत जास्त, तिथे सरकारी औषधाची पेटी कायमची ठेवावी, असे ठरले.

ही पेटीची गोष्ट माळीपुऱ्यातल्या गोजराबाईच्या कानी पडली आणि तिच्या मनाने ती घट्ट धरून ठेवली. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून अनसिंगच्या बाजारी नेणाऱ्या चौदा घरांची ती आळी. मानमोडीच्या नऊ दिवसांत त्या चौदा घरांतून अकरा माणसे गेली होती. त्यांत गोजराबाईची जाऊ रंगूबाई होती. त्या वेळीही गावात औषधाची एक पेटी होती, पण ती जगदेवराव पाटलांच्या घरी होती, आणि पाटलांचे दार आतून बंद होते. पुढच्या खेपेस पेटी आपल्या आळीत असावी, एवढेच गोजराबाईचे मागणे होते.

मंडळ येण्याच्या आदल्या दिवशी कोतवालाने दवंडी पिटली की उद्या सरकार घरोघरच्या बाजा मोजणार, कोणी बाज गावाबाहेर नेऊ नये. ही शेवटची ओळ कोतवालाने आपल्या अकलेने जोडली होती, आणि तिनेच घात केला. लढाईच्या दिवसांत सरकारने अशाच पाटी-पेन्सिलीने आधी बैलगाड्या मोजल्या होत्या, मग कडबा मोजला होता. आणि जे जे मोजले गेले ते ते फौजेसाठी गेले होते. बाजा फौजेच्या इस्पितळात जाणार, यात पाटील-दुकानदारांच्या वरच्या आळीला तिळमात्र शंका उरली नाही.

तिसऱ्या प्रहरी पाटील स्वतः माळीपुऱ्यात आले. यापूर्वी ते तिथे कधी आले होते, हे कोणालाच आठवेना.

"गोजरे," ते म्हणाले, "तुह्या कांद्याच्या चाळीत जागा हाये म्हंतात."

"हाये ना पाटील. कांदेच नाईत यंदा."

"मंग आमच्या बाजा ठेव दोन दिवस. माळ्याच्या घरी बाजा असतीन, असं सरकारच्या बापालेही वाटनार नाई."

"आन पकडल्या म्हंजे?"

"म्या हावो ना. तू बाजा सांभाळ, पेटी तुह्या आळीत ठेवाचं मी सायबाले सांगतो. मोठ्या मानसाचा शब्द हाये."

गोजराबाईने हो म्हटले. पाटलांच्या नऊ बाजा आल्या, किराणा दुकानदाराच्या सहा आल्या, आणि वरच्या आळीची बातमी ती, एकट्या पाटलांच्या कानात थोडीच राहणार? दिवेलागणीपर्यंत आणखी एकवीस आल्या. चाळीत त्या उभ्या करून दाटून बसवल्या, आणि गोजराबाईची स्वतःची एक सुंभ सैल झालेली बाज होती, तीही त्यांतच कोंबली गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळ वरच्या आळीत फिरू लागले. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गोजराबाई मागोमाग होतीच. पाटील आपला शब्द कधी बोलतात, हे तिला ऐकायचे होते. पाटलांच्या अकरा खणांच्या घरात मास्तरांनी खोलीखोलीत डोकावून पाहिले आणि वहीत शून्य मांडले.

"आपण झोपता कशावर?" डॉक्टरांनी विचारले.

"भुईवर. आज्यापासून चालत आलं हाये. पाठीले बरं असते."

"उत्तम," वैद्यबुवा प्रसन्न होऊन म्हणाले. "भूशय्या ही संयमाची खूण आहे."

"मग या सारवणावर चार-चार पायांचे ठसे कशाचे?" डॉक्टरांनी खाली वाकून विचारले.

"शेळी बसते तिथं."

"एकाच जागी चारही पाय रोवून?"

"आमची शेळी लय गरीब हाये साहेब," पाटील म्हणाले.

दुकानदार पोत्यांवर झोपत होता. त्याच्या शेजारचे दोघे ओट्यावर झोपत होते. तीस घरे झाली आणि मास्तरांच्या वहीत तीस शून्ये झाली. इतकी निर्मळ समता त्यांनी आपल्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती पाहून त्यांना घाम फुटला.

"पेटीबद्दल काय म्हणता?" चावडीवर टेकताना डॉक्टरांनी पाटलांना विचारले.

गोजराबाईने कान टवकारले.

"पेटी मागं होती तशीच माह्या घरी ठेवा," पाटील म्हणाले. "जोखमीची वस्तू हाये. माळी लोकाईले काय समजते?"

गोजराबाईने पाटी डोक्यावरून उतरवली. ती कमरेवर घेतली आणि ती मंडळाच्या पुढे होऊन आपल्या आळीची वाट चालू लागली.

मंडळामागून पाटील आणि वरची आळीही माळीपुऱ्यात आली. तेरा घरांत एकही बाज निघाली नाही. चौदाव्या घरामागच्या चाळीची ताटी मास्तरांनी बाजूस सारली आणि ते तिथेच थांबले. त्यांनी एकदा मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा बोट लावून मोजले.

"सदतीस," ते क्षीण स्वरात म्हणाले. "गावातली सर्व संपत्ती इथे आहे. आणि सर्वाधिक मृत्यूही इथेच."

तिन्ही शास्त्रांवर मोठाच प्रसंग आला. पण विद्वत्तेचे असे आहे की ती फार काळ निरुत्तर राहत नाही. वैद्यबुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "उघड आहे. शय्यासुख अति झाले. दिवसा निजल्याने कफ वाढतो, कफाने ज्वर वाढतो. यांना बाजांनी मारले."

डॉक्टर आजवर वैद्यबुवांशी एकदाही सहमत झाले नव्हते. या वेळी मात्र ते थबकले. "कफाचे मला ठाऊक नाही," ते म्हणाले, "परंतु सुंभात रोगजंतू राहतात हे खरे. इतक्या बाजा एके ठिकाणी, म्हणजे रोगाचे कोठारच."

"आकडेही तेच बोलतात," मास्तर म्हणाले. "शून्य बाजा, तीस घरांत तीन मृत्यू. सदतीस बाजा, चौदा घरांत अकरा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकमत झाले होते, रक्कम परत जाणार नव्हती. मास्तरांनी सहीसाठी दौत काढली. पेटी पाटलांच्या घरी, आणि माळीपुऱ्याला बाजांपासून परावृत्त करावे, असा मजकूर ठरू लागला.

गोजराबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. "डाक्तरसाहेब," ती अत्यंत अदबीने म्हणाली, "मंग रोग या बाजाईतच हाये ना?"

"होय बाई."

"वैदबुवा, तुमीही तेच म्हंता?"

"निःसंशय."

"मंग पेटवूनच टाकतो. रोग कायले घरात ठेवाचा?"

ती आत गेली आणि चार गोवऱ्या व चुलीतला निखारा घेऊन बाहेर आली. गोवऱ्या तिने पहिल्या बाजेखाली नीट रचल्या. ती पहिली बाज पितळी टोप्यांची, रंगीत नवारीची होती. डॉक्टरांनी संमतीदर्शक मान हलवली. वैद्यबुवा शुद्धीचा काही मंत्र आठवू लागले.

"गोजरे, थांब," पाटील म्हणाले.

"काहून पाटील? बाज माही, रोग माहा."

"अवो थांब ना. ते लग्नातली बाज हाये."

"कोनाच्या लग्नातली?"

पाटलांनी गोवऱ्यांकडे पाहिले. धूर निघू लागला होता. "माह्या," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः वाकून ती बाज ओढून बाहेर काढली.

मग दुकानदाराला आपल्या सहा दिसल्या. त्याच्यामागून वरची आळी लोटली. ज्याने त्याने आपली बाज धरली, दोघांनी एकच बाज धरली, आणि मास्तरांनी वहीचे पान उलटून ज्याचे त्याचे नाव व आकडा लिहायला घेतला. पाटील नऊ, दुकानदार सहा, इतर एकवीस. चाळीत एकच बाज उरली, तिचे सुंभ जमिनीला टेकले होते.

"ही कुणाची?" मास्तरांनी विचारले.

"माही. हिच्यावरच रंगू गेली," गोजराबाई म्हणाली. निखारा तिने मातीत विझवला. "पन साहेब, तुमी बाजा मोजल्या. मेले ते बाजेवरही मेले आन भुईवरही मेले. सारी आळी एका दिवशी पडली. विहीर दाराशी हाये, पन मोट हाकायले मानूस उभा पाह्यजे ना. आमच्यात दोघं उभे व्हते, नानीबाई आन गुलाबराव. त्याईले पाटलाच्या घरी पानी भरायले बलावलं. नऊ दिवस भरलं त्याईनं. वरची आळी जगली. रंगूनं दीड दिवस पानी मांगलं."

पाटील बाजेची नवार हाताने नीट करीत राहिले. ती नीटच होती.

"पेटी इथेच येईल," डॉक्टर म्हणाले.

"येऊ द्या. पन पेटी उघडायले मानसं पाह्यजेत. रोग आला म्हंजे हे दोघं आळीतच राहावे. वरून कोनी बलावलं तरी जाऊ नये. त्याईची रोजी सरकारनं द्यावी."

मास्तरांनी मंजुरीचा कागद उलगडला. औषधांसाठी रक्कम होती, शाईसाठी होती, विद्वानांच्या भत्त्यासाठी होती. माणसाने माणसाला पाणी पाजण्यासाठी कोणत्याही शास्त्राने रक्कम मागितली नव्हती. मास्तर ओळीवरून बोट फिरवत शेवटच्या कलमापर्यंत आले. "मंडळाच्या दोन घोड्यांची दाणावैरण, तीन वर्षे," त्यांनी वाचले.

"आपण तर बैलगाडीने आलो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच शिल्लक आहे."

वैद्यबुवांनी पुष्कळ विचार केला. असत्य लिहिण्यास त्यांचे मन धजेना. शेवटी ते म्हणाले, "जो भार वाहतो तो अश्व, असा अर्थ लावण्यास प्रत्यवाय नसावा," आणि सर्वांत आधी सही त्यांनीच केली. बाकी दोघांनी त्यांच्याखाली केली.

चैत्रात पेटी आली आणि गोजराबाईच्या ओट्यावर बसली. आषाढात पटकीची साथ आली, तेव्हा पाटलांकडून नानीबाईला निरोप आला. ती गेली नाही. गुलाबराव मोटेवर होता. त्या साथीत माळीपुऱ्यातून दोन माणसे गेली. पाटलांचे दोन गडी कसेबसे पाणी भरत राहिले, आणि पाटील स्वतः पहिल्यांदाच विहिरीवर दोर धरताना लोकांना दिसले.

पुढच्या वर्षी गुरांच्या खात्याकडून टेंभुरखेडला विचारणापत्र आले की मंडळाचे दोन घोडे धडधाकट आहेत काय, आणि त्यांना नाल मारून किती दिवस झाले. इंद्रभान मास्तर ते पत्र घेऊन वाशीमहून मुद्दाम आले आणि त्यांनी ते गोजराबाईला वाचून दाखवले.

"उत्तर काय लिहू?" त्यांनी विचारले.

गोजराबाई मिरच्या निवडत होती. "धडधाकट हायेत म्हना," ती म्हणाली. "आन नाल नको म्हना. जोड्याचे दोन जोड पाठवा. उन्हात पाय पोयतात त्याईचे."