चंपाबाईची ओटी

"जानकीबाई, तुम्ही तिच्याबरोबर कामाला होतात ना? मग सांगा की, देवीला आवडायचं काय?"

शेजारची कुंदा ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. मूल हवं म्हणून नवस. जानकी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"देवी कसली? माझ्या शेजारच्या मशीनवर होती चंपा."

लोक सांगत: चंपाची वेणी पट्ट्यात अडकली, यंत्राने तिला अख्खी गिळली, रक्ताचा थेंब सांडला नाही. संपानंतर कुर्ल्याच्या गिरणीला टाळं लागलं तेही तिच्याच शापाने.

जानकी सांगत नसे: चंपा काविळीने गेली. गेटाजवळच्या ज्या दगडाला आता शेंदूर फासतात, त्यावर बसून दोघी डबा खायच्या.

शेंदूर फासायचा कोण? जानकीचाच नवरा. संपात धाकूची साचेखात्यातली, मागावरची नोकरी गेली, तेव्हापासून दर मंगळवारी दगड धुणं, नारळ फोडणं, हेच त्याचं काम. त्याने एकेकाळी चंपाला मागणी घातली होती. ती हसून नाही म्हणाली. मग जानकीला घातली. मेली तरी ही बाई नवरा सोडेना, आणि आता तिच्याशी भांडायचीही सोय नाही. देवी झालेली.

"मिश्री!" जानकी एकदम म्हणाली. "दात काळे होईस्तोवर घासायची. आणि सुका बोंबील. जा, घाल ओटीत!"

तिला वाटलं, आता देवीची अब्रू गेली.

पुढच्या मंगळवारी दगडापुढे मिश्रीच्या पुड्यांची रास. बोंबलांवरून मांजरांची मारामारी. बायका कौतुकाने म्हणत होत्या, "अगदी आपल्यासारखीच होती गं!"

धाकू घरी आला तो हसत. कित्येक महिन्यांनी.

"मिश्री लावायची? माका ठावक नाय व्हता गो."

"तुका काय ठावक व्हता तिचा?"

"कायच नाय," तो सरळ म्हणाला आणि जवळ सरकून बसला. "आणखी सांग मा. फुलां खंयची माळायची?"

जानकीला चंपाचा शेपटा आठवला. उंदराच्या शेपटीएवढा. फूल ठरायचं कुठे त्यात! पण धाकू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. लग्न झाल्यापासून असा कधी बघितला नव्हता.

"अबोली," ती म्हणाली. "दाट गुंफलेली."

अबोली जानकीला आवडायची.

"आणि?"

"आल्याचा चाय. बशीत ओतून."

हेही जानकीचंच.

"आणि?"

धाकूने तिला 'गो'शिवाय दुसरी हाक कधी मारली नव्हती.

"कोणी नावान हाक मारली काय तिका बरा वाटायचा."

मंगळवारी धाकूने अबोलीचा गजरा आणला. स्वतः, बाजारात जाऊन. जानकीने आलं ठेचून चहा केला, किटली भरली, त्याच्या मागोमाग गेली आणि रस्त्याच्या अलीकडेच थांबली. तो येऊन किटली घेऊन गेला.

त्याने बशीत चहा ओतला. गजरा दगडावरून घसरला, तर पुन्हा नीट बसवला, हाताने दाबून. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून वाकला.

"चंपा," त्याने हाक मारली. एवढ्या मायेने, की रस्त्याच्या अलीकडे जानकीच्या तोंडून "ओ" निघून गेलं.