ऑक्टोबरची दोन तिकिटं

इतिहासाचा मास्तर म्हणून सभेत छाती काढून उभा राहिलो तो मीच. "लाल ऑक्टोबर हे काय गावाचं नाव झालं? सोव्हिएत राज्य गेलं, आता त्यांची पाटीही जाऊ दे! या गावाला माझ्या पणजोबांचं नाव होतं. तेच परत लावायचं." टाळ्या पडल्या. पाटी रंगवायला बसलेल्या ओरोझने ब्रश बुडवून विचारलं, "हं, बोल ताश्तान. काय लिहू?"

आणि माझी बोबडी वळली.

आम्हा किर्गिझ लोकांत पोरगं बोलायला लागलं की त्याच्याकडून सात पिढ्यांच्या बापांची नावं पाठ करून घेतात. मला दोनच येत होती. पणजोबांच्या मेंढ्या सरकारने नेल्या, त्यांनाही हाकलून दिलं, तेव्हापासून वडिलांनी भीतीपोटी ते नाव घरात काढलं नाही. बरं, वडील भ्याले. मी का नाही विचारलं? रशियाचे सगळे झार मला तोंडपाठ, आणि आपलाच पणजोबा ठाऊक नाही!

ओरोझला आयतंच सापडलं. "वा रे मास्तर! स्वतःचे सात बाप मोजता येईनात आणि आमच्या पोरांना इतिहास शिकवतोस?" सगळे खो-खो हसले. त्यांना तरी ते नाव कुठून माहीत असणार? सामुदायिक शेती सुरू होऊन गावाचं नाव बदललं, त्यानंतर त्यांच्या आईबापांना इथे आणून वसवलेलं. "नसेल सांगता येत तर 'एकता' लिहून मोकळा होतो," ओरोझ म्हणाला.

"थांबा! माझ्या आईला ठाऊक आहे," असं म्हणत मी घरी धावलो. ती नवरी होऊन आली तेव्हा गावाचं जुनंच नाव चालू होतं.

"वेड लागलंय का तुला?" आई दारातच थबकली. "ते माझ्या सासऱ्यांचे वडील. मी त्यांचं नाव कसं घेऊ?"

आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव जन्मात घेत नाही. हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. लिहून दे म्हणावं, तर तिला अक्षर येत नाही.

"एकदाच, आई. माझी अब्रू चाललीय."

"नाव तुला यायला हवं होतं रे," ती म्हणाली आणि माझ्यामागून निघाली.

तिला बघून हसणारे उठून उभे राहिले. ओरोझसुद्धा वरमला. "राहू द्या हो काकू. गंमत केली मी. पाटीचं काय, बघू नंतर." तिथे तरी मी थांबावं की नाही? पण नाही! "बोल ना आई, लोक खोळंबलेत!" असं मी, हा गाढव, सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो.

ऐंशीची माझी आई. तिने डोक्यावरचा रुमाल नव्या नवरीसारखा तोंडावर ओढला, कबरींच्या टेकडीकडे तोंड केलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून तीनदा वाकली. "पोरासाठी करतेय. माफ करा मला," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "एसेनामान."

बायकांनी तोंडावर हात ठेवले. टाळी एकानेही वाजवली नाही. मला हवं ते मिळालं होतं, आणि मान काही वर होत नव्हती.

पाटी लागली. पुढच्या आठवड्यात आईला डॉक्टरकडे नेऊन परत येत होतो. बस खच्चून भरलेली. ड्रायव्हरने विचारलं, "आजी, कुठे उतरणार?"

"ऑक्टोबरला," ती म्हणाली.

ड्रायव्हर हसला. "ते गेलं की आजी! आता एसेनामान म्हणायचं. म्हणा बघू!"

सगळी बस हसली. आईने रुमाल पुढे ओढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. साठ वर्षं तिला आपल्या गावाचं नाव बिनधास्त घेता येत होतं. ते मीच तिच्या तोंडातून हिरावून घेतलं होतं.

"मास्तर, तुम्ही तरी शिकवा आईला," ड्रायव्हर म्हणाला.

मी पैसे पुढे केले. "दोन द्या," म्हणालो. "ऑक्टोबरची."