भागूबाई या शब्दाचा अर्थ

आईने कॉटवरची वही उचलून मांडीवर घेतली तेव्हा मेघना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. 'ती नको' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण खोलीत तिच्याबरोबर राहणाऱ्या सुप्रिया आणि प्रियदर्शनी होत्या, आणि का नको हे सांगायची सोय नव्हती. तिने तांब्या पुढे केला. आई घोटभर पाणी प्यायली, वही मात्र तिने खाली ठेवली नाही.

गेल्या वर्षभरात आईला दिसेल ते वाचायचं वेड लागलं होतं. गावी लासुर्ण्याला विहारात संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरायचा आणि ही पहिल्या रांगेत बसायची. गुरुवारच्या बाजाराला बारामतीत आली की दुकानांच्या पाट्या, खताच्या पोत्यांवरचा मजकूर, धपाटे बांधून आणलेला पेपर, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटायचं नाही. आज तिथेच, लेकीच्या वसतिगृहात तिला आयतीच वही सापडली होती.

वही सुप्रियाने सुरू केली आणि बघता बघता ती सगळ्या मजल्याची झाली. कॉलेजात, बसमध्ये, मेसच्या रांगेत पोरी जे शब्द बोलत, पण जे कुठल्याच शब्दकोशात नव्हते, ते यात टिपायचे. एकीने शब्द टाकायचा, दुसरीने अर्थ लिहायचा, ज्यांना पटेल त्यांनी खाली सही करायची. दहा सह्या झाल्या की अर्थ पक्का. 'कल्टी : हजेरी होताच मागच्या दाराने पसार होणे.' 'पकाऊ : जिचं बोलणं संपेपर्यंत आपली आमटी थंड होते ती.' 'शायनिंग : कोऱ्हाळ्याची असून पुण्यात डेक्कनला जन्मल्यासारखं बोलणं.' हे शेवटचं खुद्द सुप्रियावर होतं, आणि पहिली सहीही तिनेच ठोकली होती. तिला ते परवडत होतं.

मेघनाला परवडत नव्हतं. पहिल्या वर्षी वसतिगृहात आली ती 'हितं', 'तितं' करत, आणि महिन्याभरात वहीत 'तितं' हा शब्द आला. 'मेघनाचं सामान जिथं ठेवलेलं असतं ते ठिकाण.' चौदा सह्या पडल्या होत्या. सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी मनात एकदा धुऊन घेऊ लागली.

मग याच दिवाळीनंतर न्हाणीघरात पाल निघाली. एक जण किंचाळत बाहेर पळाली, तिला कुणीतरी भित्री भागूबाई म्हणालं आणि सुप्रियाने लगेच वहीत शब्द मांडला : भागूबाई. पुढे जागा कोरी.

मेघनाच्या आईचं नाव भागूबाई. वसतिगृहात हे कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण फॉर्मवर बापाचं नाव विचारत, आईचं कुणी विचारत नसे. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण आपण गप्प बसलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, या नसत्या भीतीने तिने स्वतःच पेन उचललं. लिहायला बसल्यावर तिला आठवावं काही लागलं नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. पोरी हसून हसून लोळल्या. बारा सह्या झाल्या. मेघनाचा पक्का झालेला तो पहिलाच अर्थ होता, आणि त्या रात्री तिला छान झोप लागली होती, हे तिला नंतर फार वेळा आठवलं.

आईने पानं उलटता उलटता एका ठिकाणी बोट ठेवलं.

"भा... गू... बा... ई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. "मेघू, हे माजं नाव हाय की गं."

प्रियदर्शनीची वेणी घालणारे सुप्रियाचे हात जागच्या जागी थांबले. तिने मेघनाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

"कुणी लिव्हलं?"

"मी," मेघना म्हणाली.

"फुडं काय हाय? वाच की. मला लई येळ लागंल."

वही आईच्याच मांडीवर होती. मेघना शेजारी बसली आणि पानावर नजर लावून, तिथे नसलेलं वाचू लागली. भागूबाई म्हणजे धीराची बाई. उन्हातान्हात खुरपायला जाते, पण पोरीची फी चुकवत नाही. कुणापुढे वाकत नाही. आईचं बोट ओळीखालून सावकाश सरकत होतं. वर्गात बाईंनी लावलेली सवय असणार, असं मेघनाने मनाशी म्हटलं. आवाज फुटू नये म्हणून ती प्रत्येक शब्द दाबून उच्चारत होती. आजवर तिला आईच्या बोलण्याची लाज वाटली होती, तिच्या पिशवीची वाटली होती. आज स्वतःच्या अक्षराची वाटत होती. वाचून संपलं तरी आईचं बोट एक ओळ मागेच होतं. ते शेवटपर्यंत गेलं आणि थांबलं.

"आन् ही खाली नावं?"

"ज्यांना पटलं त्यांच्या सह्या."

"तुमाला बी पटलं?" आईने सुप्रियाला विचारलं.

सुप्रियाला 'हो मावशी' एवढंही नीट म्हणता आलं नाही. तिने मान हलवली.

"मंग माजी बी ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि तिने पेन मागितलं.

नको म्हणायला आता तोंडच उरलं नव्हतं. आईने वही मांडीवर सरळ केली, पदराला हात पुसला आणि बाराव्या सहीखाली लिहू लागली. बराच वेळ पेनाचा आवाज येत राहिला.

मेघना आईला सोडायला गेली तेव्हा स्टँडवर इंदापूरची गाडी लागलेली होती. वाटेने आई शेरडाला झालेल्या करडांबद्दल बोलली, घरी ज्ञानूचा, म्हणजे मेघनाच्या वडिलांचा, खोकला उतरल्याचं सांगितलं. मेघना नुसती हं हं करत राहिली. सांगून टाकावं असं तिला दोनदा वाटलं, पण दोन्ही वेळा जीभ रेटली नाही. आईला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुरू झाल्यावर तिने डोकं बाहेर काढलं.

"अक्षर चांगलं हाय तुजं, सुटं सुटं," ती म्हणाली. "आमच्या बाई म्हन्त्यात, भागूबाई, आता तुमचं निस्तं जोडाक्षरांपाशी अडतंय. बाकी समदं लागतंय मला वाचायला."

मेघना परत आली तेव्हा खोली रिकामी होती. वही कॉटवर मिटून ठेवलेली होती. तिने ते पान काढलं.

'भागूबाई : घाबरट, गावठी बाई. गाडीत बसली की पिशवी उराशी धरते. जिना उतरताना कठडा सोडत नाही. फोनवर इतकी ओरडते की फोनची गरजच उरत नाही. साहेब दिसला की काही न विचारताच पदर सावरून चुकलं म्हणते.'

ती ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचू लागली, एकेक अक्षर सुटं करून, आई वाचते तसं. एखादं तरी अवघड जोडाक्षर निघावं म्हणून तिने पुन्हा पुन्हा वाचलं. सगळ्या मजकुरात जोडाक्षर एकच निघालं, अगदी शेवटच्या शब्दातला म्ह. त्याखाली बारा सह्या होत्या, आणि तेरावी, भागूबाई ज्ञानू सोनवणे, त्यातला ज्ञ दोनदा गिरवून नीट केलेला.