एशातीच्या उतारावरचं झाड

आमच्या बाझिमली गावाच्या वर, दुपारनंतर ढग येऊन टेकतात त्या उतारावर, माझ्या आईची जमीन होती. तिला ती तिच्या आईकडून आली होती. पुढेमागे ती माझ्याकडे येणार होती, कारण आमच्यात घर आणि जमीन लेकीकडे राहते, मुलगा लग्न करून बायकोच्या घरी जातो. जमीन म्हणजे काय, निम्मी खडकाळ, निम्मी इतकी उभी की केळीचा घड घेऊन उतरताना बसूनच घसरावं लागे. तिच्या वरच्या टोकाला ताकामाकाचं एक जुनं झाड होतं आणि त्याला मोठी काळी वाघळं लटकत. माझ्या आठवणीत ते झाड वाघळांशिवाय कधी नव्हतं. तिसऱ्या प्रहरी ती पंख पसरून दरीवर घिरट्या घालायची. आम्ही केळी गोळा करत असलो की त्यांच्या सावल्या अंगावरून जायच्या आणि आई मान वर न करता म्हणायची, "निघाली बघ यांची मिरवणूक."

आईचं नाव एशाती. ती काही वाघळांवर जीव टाकणारी बाई नव्हती. पेरू पिकले की त्यांना शिव्याही घालायची. पण त्या झाडाखालून एक झरा निघायचा, आणि गावाखालची नदी कोरडी पडल्यापासून वरच्या घरांना तोच एक आधार होता. म्हणून धोइहिर जेव्हा पहिल्यांदा आला तेव्हा तिने त्याचं लगेच ऐकलं.

धोइहिर खालच्या गावचाच, शिकून एका संस्थेत लागलेला. ही वाघळं आपलं बेट आणि शेजारचं बेट सोडून जगात कुठेच नाहीत, असं त्याने मशिदीबाहेरच्या आंब्याखाली सगळ्यांना सांगितलं. म्हातारे हसले. "मग आम्हीच कुठे आहोत जगात आणखी?" असं कुणीतरी म्हणालं आणि धोइहिरही हसला. उतारावर जमीन असलेल्या सगळ्यांनी त्या दिवशी कबूल केलं की वरचं रान तोडायचं नाही. बदल्यात संस्था लवंगेची रोपं देणार होती आणि झऱ्याचं पाणी नळाने गावात आणणार होती. रोपं आली. नळही आला, निम्म्या वाटेपर्यंत.

मग एका पावसाळ्यानंतर धोइहिर चालत वर आला, गाडीशिवाय. आईने त्याला साबुदाण्याच्या कंदाची उकड आणि मासळी वाढली. तो नुसतं बोटांनी चाळवत बसला.

"मावशी, आमचं काम बंद झालं. बाहेरून मदत यायची ती थांबली."

"म्हणजे नळ?"

"राहिला तसाच."

"आणि कबुली?"

"कबुली कबुलीच्या जागी आहे," तो म्हणाला. पण त्याचा त्याच्यावरच विश्वास दिसत नव्हता.

ताटातलं तसंच ठेवून तो उतरून गेला, आणि त्या वर्षातच कुऱ्हाडी वाजायला लागल्या. मी शेजाऱ्यांना दोष देत नाही. इलांगची फुलं उकळून अत्तराचं तेल काढायच्या भट्ट्या लाकूड खातात आणि हुमादीकाकांची भट्टी गावाच्या तोंडाशीच होती. लोकांना पोरींची घरं बांधायची होती. एकाने तोडलं, मग दुसऱ्याने, मग "त्याने तोडलं तर मी काय घोडं मारलंय" म्हणून तिसऱ्याने. दोन हंगामांत सगळा उतार उघडा पडला, आणि मध्ये आईचं झाड उभं. शेजारच्या झाडांवरची वाघळंही तिथेच येऊन लटकायला लागली. फांद्या काळ्या दिसायच्या. पोरं आईला 'वाघळांची कोको' म्हणायला लागली, वाघळांची आजी. ती म्हणायची, "असू दे. तुमच्यापेक्षा शहाणी नातवंडं आहेत माझी. निदान ओरडत तरी नाहीत." खरं म्हणजे ती फार ओरडायची.

माझा भाऊ तोइहा त्या सुमारास गावी परतला. मुत्सामुदूच्या बंदरात हमाली करून त्याची पाठ गेली होती. त्याची बायको रायंती गरोदर होती आणि सासरच्या घरात रिकाम्या हाताने बसायची त्याला लाज वाटत होती. हुमादीकाकांनी ते हेरलं. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"एशाती, पोराचं काहीतरी बघितलं पाहिजे की नाही?"

"बघ ना. तुझी भट्टी आहे, लाव कामाला."

"कामाला कशाला? भागीदारच करतो. तू फक्त वरचा तुकडा दे. खोडाच्या फळ्या होतील, फांद्या भट्टीला. आणि जागेवर इलांग लावू, तोही त्याचाच."

आई नारळ खवत होती. खवता खवता म्हणाली, "आणि पाणी कुठून आणशील? तुझ्या बाटलीतून?"

हुमादीकाका हसत उठून गेले. तोइहा मात्र हसला नाही.

"आई, सगळ्यांनी तोडलं."

"दिसतंय मला. डोळे आहेत."

"मग आपणच काय म्हणून? कुठे गेला तो धोइहिर? कुठे गेली त्याची संस्था? नळ बघितलास का, वाटेत तोंड वासून पडलाय."

"मी संस्थेसाठी नाही राखत."

"मग कुणासाठी? म्हातारपणी ती वाघळं तुला भात शिजवून घालणार आहेत का?"

"तू घालणार होतास ना?" आई म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. तिला टोला द्यायची सवय होती आणि समोर कोण आहे ते बघायच्या आतच तो बसून गेला. तोइहाने ओट्यावरची चप्पल घातली आणि खाली गेला.

त्यानंतर तो आला तो निरोप घ्यायलाच. माओरे बेटावर जायचं त्याने ठरवलं होतं. तिथे फ्रेंच राज्य, कामं मिळतात. कागद नसले की क्वासात बसून जायचं, मासेमारीची ती अरुंद नाव, दहाची जागा आणि तीस माणसं. आमच्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी असं गेलेलं आहे. मी त्याला दारात अडवलं.

"रायंतीचे दिवस भरत आलेत रे. निदान तेवढं तरी बघून जा."

"काय तोंडाने बघू? पोराला काय सांगू, तुझ्या आजीकडे झाड आहे म्हणून?"

आई आत होती. ती बाहेर आली, तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दुआ म्हटली. जा म्हणाली नाही आणि थांब म्हणाली नाही. त्याच्या पिशवीत तिने उकडलेली केळी ठेवली.

ती नाव माओरेला पोचली नाही. समुद्र खवळला होता असं कोणी म्हणालं, गस्तीच्या बोटीला चुकवताना उलटली असं कोणी म्हणालं. किनाऱ्यावर काही जण लागले. त्यांत तोइहा नव्हता. आम्ही कितीतरी दिवस वाट पाहिली, माओरेतल्या ओळखीच्यांना फोन केले, आणि शेवटी मशिदीत त्याच्या नावाने प्रेताशिवाय नमाज पढली. रायंतीला मुलगा झाला. तिच्या घरच्यांनी आम्हाला कळवलं, पण बोलावलं नाही. झऱ्यावर बायका माझ्यादेखत म्हणायच्या, "पोर दिलं, झाड नाही दिलं." मी आईला ते कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, गाव लहान आहे.

तोइहाच्या फातिह्यानंतर हुमादीकाका पुन्हा आले. या वेळी त्यांच्या आवाजात व्यवहार नव्हता. खरोखरच वाईट वाटलं होतं त्यांना.

"एशाती, आता कशासाठी धरून बसलीस? नातवासाठी दे. त्याच्या नावाने करू सगळं."

आई म्हणाली, "हुमादी, आता दिलं, तर तो कशासाठी गेला?"

ते उठले आणि अंगावर गुंडाळलेल्या शिरोमानीचा पदर तोंडावर ओढून बसलेल्या माझ्या आईकडे न बघता निघून गेले.

त्यानंतर आई रोज वर जायची. काम असो नसो. झाडापासून जरा अंतरावर एका दगडावर बसायची. मी विचारलं, "काय करतेस तिथे?" ती म्हणाली, "काही नाही. ती खातात, भांडतात, पिल्लांना चाटतात. बघते." एकदा मला म्हणाली की लेकरू पोटाशी धरून उडणारी एक मादी फांदीवर उतरताना दर वेळी चुकते आणि दुसऱ्या वाघळाच्या अंगावर पडते. हे सांगताना ती हसली. तोइहा गेल्यापासून ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

वादळ आलं ते नव्या पावसाच्या तोंडाला. रेडिओवर सांगत होते, पण आमच्याकडे वादळं येतात आणि बाजूने निघून जातात, म्हणून आम्ही फक्त छपरावर दगड ठेवले. ते बाजूने गेलं नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत आम्ही न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून बसलो, कारण तेवढीच पक्क्या चिऱ्याची होती. छप्पर गेलं. आई तोंडातल्या तोंडात कुराण म्हणत होती. मध्येच थांबून तिने वरच्या बाजूला कान दिला. त्या आवाजात काय ऐकू येणार?

वारा पडल्यावर शेजाऱ्यांची विचारपूस केली आणि आम्ही दोघी वर गेलो. वाट राहिली नव्हती, चिखल खाली आला होता. झाड मुळासकट उपटून उताराला आडवं पडलं होतं. मुळांच्या जागी एवढा खड्डा होता की आमचं घर त्यात बसलं असतं. झरा चिखलात बुजला होता. आणि सगळीकडे वाघळं, फांद्यांखाली चेंगरलेली, चिखलात पंख रुतलेली. अर्धवट वाढलेली पिल्लं मेलेल्या आयांना धरून बसली होती. जी जगली होती ती भर दुपारी दरीवर फिरत होती. खाली यायची, झाड होतं त्या उंचीवर पंख आवरायची आणि तिथे काहीच नाही म्हटल्यावर पुन्हा वर जायची. बसायला आसपास एक फांदी नव्हती.

आई रडली नाही. तिने कमरेला कपडा खोचला आणि जिवंत पिल्लं सोडवायला लागली. मीही लागले. आम्ही ती टोपलीत घालून आणली, पिकलं केळं कुस्करून बोटाने भरवलं. एकेक करून सगळी गेली.

रस्ते मोकळे झाल्यावर धोइहिर आला. आता तो शाळेत शिकवत होता, तरी आला. झाडाभोवती फिरला, मुळं बघितली.

"एकट्या झाडाला एवढा वारा झेपत नाही, मावशी. आजूबाजूला रान असतं तर एकमेकांच्या आडोशाने उभी राहतात. भोवतालची तुटली तेव्हाच हे..." तो थांबला.

"तेव्हाच काय?"

"तेव्हाच हे जाणार होतं. आज ना उद्या."

आईने त्याच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"भीती होती."

"मग मला का नाही सांगितलंस? माझं पोर होतं तेव्हा घरात."

धोइहिर चिखलात खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आई बराच वेळ त्याच्याजवळ उभी होती. मग तिनेच त्याला दंडाला धरून उठवलं.

हुमादीकाकांची माणसं करवती घेऊन आली तेव्हा तिने ना म्हटलं नाही. खोडाच्या फळ्या मोडलेल्या छपरांना गेल्या, आमच्याही. फांद्या भट्टीत गेल्या. हंगामभर गावावर इलांगचा गोड वास दाटून राहिला होता. आई त्या दिवसांत दारं लावून घ्यायची.

उरलेली वाघळं पलीकडच्या दरीत गेली होती. तिथे फाईझा नावाच्या एका तरुण बाईच्या रानात काही झाडांवर ती बसली होती. धोइहिरला वाटलं, आईने येऊन तिला समजवावं. मला वाटलं आई त्याला हाकलून देईल. पण ती गेली, आणि तिच्या गुडघ्यांना उतरण सोसत नाही म्हणून मीही गेले. फाईझाने आम्हाला चहा दिला. तिला आईबद्दल सगळं ठाऊक होतं, ती आईच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होती.

"मी तुला झाड राख म्हणायला आले नाही," आई म्हणाली. "एकटी राखणार असशील तर उद्याच तोडून टाक. घर बांध, पोरांना खायला घाल. राखायचं असेल तर वरचा, खालचा, शेजारचा, सगळ्यांनी मिळून राखलं पाहिजे. त्यातला एक फुटला तर तूही सोड. ऐकलंस ना? मागे राहू नकोस."

धोइहिरला हे अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, अहो..."

"तू गप्प बस," आई म्हणाली.

फाईझाने शेजाऱ्यांना बोलावलं. खालचा तयार झाला. शेजारचा म्हणाला बघू. वरची जमीन ज्याची आहे तो माओरेला असतो, त्याचा भाऊ म्हणाला की त्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. अजून सांगितलेलं नाही. परवा धोइहिर भेटला तेव्हा म्हणाला, फाईझाच्या वरच्या बाजूने कुऱ्हाडीचा आवाज येतोय, पण कुणी वाळलेलं तोडत असेल.

मी आईला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. झरा बुजल्यापासून पाणी खालच्या गावातून आणावं लागतं, ते आणून मी नुकतीच टेकले होते. रायंती आता कधीमधी पोराला आमच्याकडे सोडते, तो ओट्यावर झोपला होता. आईने त्याच्या तोंडावरची माशी हाकलली.

"वाळलेलं नसेल ते," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.