राखणीच्या डब्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे आणि लोकांच्या ठोकण्याला आता विटलो आहे. मुरबाडच्या वाण्याने तेल संपल्यावर मला विकले. टोकावड्याजवळच्या धाऊने मला भाताच्या शेतात बांबूला टांगले. पाखरे आली की मला बडवायचे, डुकरे आली की मला बडवायचे, मिरवणूक निघाली तरीही मलाच! "धाऊचा डबा घाटापतूर ऐकू येतो," असे लोक कौतुकाने म्हणत. मीही फुगून जाई.

नव्याण्णव सालच्या दसऱ्याला धाऊचा मुलगा साईनाथ कारगिलच्या लढाईवरून रजेवर आला. हारतुरे झाले. "किती मारलंस रे?" असे ज्याने त्याने विचारले. कसा आहेस, हे मात्र कुणी विचारले नाही. वर धाऊने त्याला माझ्याजवळ राखणीला बसवले. "फौजी बसल्यावर पाखरू फिरकंल काय?" धन्य ती बुद्धी!

पोपटांचा थवा उतरला. साईनाथने मला एकच टोला दिला आणि काठी टाकून तो बांधाआड चिखलात पालथा पडला. दोन्ही हात डोक्यावर. शेजारच्या शेतातला चंदर खदाखदा हसला.

"काय रे साईनाथ, पोपट बाँब टाकतात काय?"

मला वाटले, गंजून मातीत मिळावे. ज्या आवाजाचा मला अभिमान होता, तोच त्याला छळत होता.

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको सरिता धावली. चिखलातच त्याच्या शेजारी बसली. मागून आलेल्या सासऱ्याला म्हणाली, "मामा, यांना फौजेच्या दवाखान्यात न्यायला पायजे."

"डोक्याच्या डाक्तरकडं? माझा पोरगा येडा नाय!"

"येडे नाय, दुखावलेत. पायाला गोली लागली असती, तर तुमीच उचलून नेलं असतं ना?"

तेव्हा साईनाथच हळू बोलला, "बा, डबा वाजला का माझा लढाईतला जोडीदार परत पडतो. माझ्या बाजूला. रोज."

धाऊने मला बांबूवरून काढले. दुसऱ्या दिवशी सरिता त्याला मुंबईच्या लष्करी इस्पितळात घेऊन गेली.

उपचार दीर्घकाळ चालले. पुढल्या वर्षी भात पिकले, साईनाथ पुन्हा घरी यायचा होता. धाऊने ढाब्यावरून बिघडलेल्या कॅसेटी मागून आणल्या आणि शेतभर त्यांची फीत ताणली. ती वाऱ्यावर चमकते, सळसळते, पाखरे बिचकतात. पण चंदरचा डबा वाजतच होता. अखेर वर्षभर हे दुखणे लपवणारा धाऊ उरलेली फीत घेऊन त्याच्या बांधावर गेला.

"चंदर, माझ्या पोराला आवाज सोसत नाय. लढाईनं दुखनं लागलंय त्याला. डाक्तरचं औषद चालू हाय."

चंदरने मान खाली घातली. मग हात पुढे केला. "दे इकडं. बांधतो मी."

मित्रांनो, सैनिक घरी आला, की शौर्याची गोष्ट मागण्याआधी त्याला झोप लागते का, एवढे विचारा. उत्तर आले नाही, तर त्याच्याजवळ गप्प बसून राहा. मी डबा असून गप्प बसायला शिकलो. तुम्हाला इतके जड का जावे?