अलीकडची कड

साखळीवरच्या माणसानं टाळी वाजवायची नाही. ऑस्ट्रँडर कॉलेजच्या मैदानावरचा हा नियम कुठं लिहिलेला नाही. पण माझ्या नवऱ्यानं, डेलनं, तो एकोणीस हंगाम पाळला. मार्चमध्ये डेल गेला आणि ऑगस्टमध्ये त्याची नारिंगी बंडी माझ्या अंगावर चढवताना साखळीवरच्याच म्हाताऱ्या व्हर्लिननं मला तेवढंच सांगितलं.

"आपलं पोरगं पळत सुटलं तरी तोंड मिटून उभं राहायचं, पोरी. मैदानावर आपण कुणाचेच नाही."

मी एकावन्न वर्षांची. पोरी म्हणणारा तो एकटाच उरलाय, म्हणून ऐकून घेतलं.

आमचा अमेरिकन फुटबॉल हातात चेंडू धरून, धडका मारत खेळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड म्हणजे आमची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. पुढची काठी पोस्टमन ड्वेनकडे, मागची माझ्याकडे, कितवा प्रयत्न ते दाखवणारी पाटी लेस्टर न्हाव्याकडे आणि चिमटा व्हर्लिनकडे. मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेघ असते. साखळी त्या रेघेला जिथं छेदते तिथं चिमटा लावायचा. मग मोजायला साखळी उचलून आत नेली तरी तिची जागा हरवत नाही.

आता रेघ असते चार इंच रुंद. चिमटा कायम तिच्या अलीकडच्या कडेला. पलीकडच्या कडेला लागला, तर मोजताना सगळी साखळी चार इंच मागं येते आणि खेळणाऱ्याला चार इंच फुकट मिळतात.

व्हर्लिन हे एकतीस वर्षं करत होता. शाळेत सुतारकाम शिकवायचा. रंधा मारल्यावर बोट फिरवून फळी सरळ आहे का सांगणारा माणूस. सप्टेंबरमध्ये त्यानं चिमटा चक्क पुढच्या रेघेवर लावला. पंचाच्या लक्षात आलं, सगळे हसले, व्हर्लिनही हसला. क्रीडा विभागाचा ब्रेंट हसला नाही.

"आणखी एक चूक झाली तर पुढच्या वर्षी साखळीवर कॉलेजची मुलं," तो म्हणाला. ब्रेंट वाईट नाही. चौतिसाचा आहे, एवढंच.

गाडीकडे जाताना व्हर्लिन म्हणाला, "मधोमध डाग दिसतो गं. कडेनं दिसतं सगळं. डॉक्टर म्हणतो, हे असंच राहणार."

"मग?"

"मग काय. माझी रूथ गेल्यापासून माझ्या आठवड्याला सामन्याचा शनिवार एवढा एकच वार आहे."

त्या दिवसापासून तो गुडघ्यावर बसला की मी काठी धरल्या धरल्या हळूच सांगायची, "थोडं तुमच्याकडे. हं, अलीकडची कड." ड्वेन आणि लेस्टरला कळलं होतं. ते आकाशाकडे बघायचे.

हंगाम असाच गेला. पहिले दोन सामने हरलो, मग सलग सात जिंकलो, म्हणजे गावाला कॉलेज असल्याची आठवण झाली. गिरणीच्या पाटीवर खताच्या भावाखाली संघाचं नाव आलं. नोव्हेंबरातला शेवटचा सामना घरचा होता, नदीपलीकडच्या विल्टन कॉलेजशी. जो जिंकेल त्याला वर्षभर दाणे मोजायचं एक जुनं, पोचे आलेलं पत्र्याचं मापटं ठेवायला मिळतं. बारा वर्षं ते नदीपलीकडे होतं.

त्या दिवशी वारा असा होता की राजमा-खिम्याच्या गरम चिलीच्या वाटीवर डोळ्यांदेखत साय धरत होती. शेवटची दोन मिनिटं उरली, चार गुणांनी आम्ही मागं, आणि वर्षभर एकही चेंडू हाती न लागलेल्या आमच्या कोल्बीनं लांबचा एक चेंडू आडवं पडून झेलला.

मी टाळ्या वाजवल्या. काठी काखेत दाबून, उड्या मारत.

"जॅनेल!" ड्वेन ओरडला. "काठी! आणि लाज!"

धावत जाऊन मी नव्या जागी काठी रोवली. तोवर व्हर्लिन चिमटा लावून उठलाही होता. दुसरा प्रयत्न झाल्यावर माझी नजर खाली गेली. चिमटा पलीकडच्या कडेला.

तेव्हाच बोलायचं होतं. पण ब्रेंट आमच्या मागं दहा पावलांवर उभा. म्हटलं, मोजायची वेळ येते किती वेळा? या हंगामात दोनदा. राहू दे.

चौथ्या प्रयत्नाला बावीस माणसांचा ढीग पडला. ढिगाखालून चेंडू निघाला आणि पंचांनी मोजायला या म्हणून आमच्याकडे हात केला.

साखळीचा पंच चिमटा धरून म्हणाला, "कुठली रेघ?"

"तिसाची," व्हर्लिन म्हणाला. "अलीकडची कड." आवाज असा की त्यावर बंगला बांधावा.

आम्ही साखळी घेऊन आत गेलो. बँड थांबला. पंचानं चिमटा अलीकडच्या कडेवर टेकवला, ड्वेननं साखळी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं पुढं होतं. दहा यार्ड झाले म्हणून मोठा पंच हात पुढं करायला वळला.

"थांबा," मी म्हणाले. "चिमटा पलीकडच्या कडेला लागलाय. कड सांगायचं काम माझं. मी टाळ्या वाजवत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुम्ही याच गावच्या ना?"

"जन्मापासून."

मग त्यानं व्हर्लिनला विचारलं, "खरं का?"

व्हर्लिननं मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "तिनं पाहिलं असेल तर खरं."

चिमटा सरकवला. चेंडू दोन बोटं मागं राहिला. विल्टनच्या पोरांनी उरलेला वेळ काढला आणि मापटं घेऊन गेली. कोल्बी मैदानात बसूनच राहिला. ते मला अजून दिसतं.

ब्रेंट आला. "चूक कुणाची?"

"माझी," आम्ही दोघं म्हणालो.

"चिमटा आता व्हर्लिनकडे नको," तो म्हणाला. "बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. आणि जॅनेल, साखळीवर टाळ्या?"

"डेल असता तर त्यानं घटस्फोट दिला असता," ड्वेन म्हणाला.

आठवडाभर न्याहारीच्या हॉटेलात मी शिरले की कुणीतरी हळूच टाळी वाजवायचं. एकानं माझ्या अंड्यांच्या बशीशेजारी फूटपट्टी ठेवली. मी तिच्यानं टोस्टला लोणी लावलं.

रविवारी व्हर्लिन रुमालात चिमटा गुंडाळून आला. मी त्याला परसात नेलं. कपडे वाळत घालायची दोरी काढून गवतावर पसरली होती, टोकांना दोन खराटे.

"पुढच्या वर्षी मागची काठी तुमची," मी म्हणाले. "मी खाली बसते. माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत, पण डोळे बरे आहेत."

"कुठं रोवायची ते मला दिसायला नको?"

"मी सांगेन ना. हं, एक पाऊल डावीकडे. अजून जरासं. रोवा."

त्यानं खराटा रोवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हणाला, "टाळी वाजवताना कसं वाटलं गं?"

"छान वाटलं."

"हं," तो म्हणाला. "एकदा, नव्वद सालच्या आसपास, मी बंडीच्या खिशात वाजवली होती. एका हातानं."