आवाज न करता ओरडा

ब्लू व्हरांडा या बँडच्या प्रेमगीतांवरून सिनेमा निघतोय, हे मला आधी आमच्या यजमानांनी सांगितलं. पाच गाणी, पाच जोडपी, आणि शेवटी सगळी त्या बँडच्या कार्यक्रमाला जमतात. हा शेवट आमच्याच उवाजिमा गावातल्या जुन्या सभागृहात चित्रित होणार होता. १९८६ साली त्यांनी तिथं खरोखरच कार्यक्रम केला होता आणि खुर्च्यासुद्धा अजून त्याच आहेत. गर्दीत बसायला चारशे माणसं हवी होती. मोबदला म्हणून एक टॉवेल आणि दुपारी भाताचे दोन मुटके. कपडे ज्याचे त्यानं आणायचे, त्या काळातले.

"तू जा," वर्तमानपत्राची घडी करत हे म्हणाले. "तुझ्या कपाटात तो काळ अजून लटकतोय."

टोमणा खोटा नव्हता. खांद्यात फोम भरलेलं माझं जांभळं जॅकेट मी टाकून दिलेलं नाही. फक्त त्याची बटणं आता लागत नाहीत. बंदरावर माशांच्या वड्या तळायचं आमचं दुकान आहे, आणि तीस वर्षं कढईसमोर उभं राहून चवीपुरती एकेक वडी तोंडात टाकल्यावर कुणाचीच बटणं लागणार नाहीत.

पण मी गेले ती जॅकेट मिरवायला नाही. ८६ सालच्या त्या कार्यक्रमाला मी बाराव्या रांगेत बसले होते आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं रित्सुको असायला हवी होती. ती नव्हती, याला कारण मी.

रित्सुको आणि मी ताचिमाच्या, म्हणजे संत्र्यांच्या डोंगरातल्या. शाळा उवाजिमाला, जायला सातसव्वीसची गाडी. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आम्ही तिच्या बापाच्या वखारीत रिकाम्या क्रेटांवर बसायचो आणि दोन वाजता रेडिओ लावायचो. फर्माइशीचा कार्यक्रम असायचा. पोस्टकार्ड पाठवायचं, पण खऱ्या नावानं कुणी पाठवत नसे. जो तो एक टोपणनाव घ्यायचा. आम्ही दोघींत मिळून एकच घेतलं होतं, ‘संत्र्याची साल’. निवेदक ते नाव वाचताना दर वेळी हसायचा आणि आम्हाला वाटायचं, तो आपल्याला ओळखतो. सोमवारी वर्गभर आम्हीच सांगत सुटायचो की ती साल म्हणजे आम्ही. अक्कल कमी, तोंड मोठं.

त्या वर्षी त्या कार्यक्रमात जाहीर झालं की प्रेमाची सर्वांत गोड गोष्ट लिहून पाठवेल त्याला ब्लू व्हरांडाची दोन तिकिटं. माझ्याकडं गोष्ट नव्हती. रित्सुकोकडं होती. तिचा जीव एका मुलावर जडला होता, हिरासावा नावाच्या. आमच्याहून एक वर्ष पुढं, शाळेच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन नावाचा लांब कर्णा वाजवायचा आणि त्याची भलीमोठी पेटी घेऊन गाडीच्या दुसऱ्या डब्यात उभा राहायचा. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तिनं हे जगात फक्त मला सांगितलं होतं.

आणि मी ते पोस्टकार्डावर लिहून टाकलं, तिला न विचारता. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता मला. खाली फर्माइश लिहिली, ‘उद्याही त्याच डब्यात’, ब्लू व्हरांडाचं आमचं सर्वांत आवडतं गाणं.

त्या शनिवारी ते वाचलं गेलं तेव्हा आम्ही वखारीत शेजारी शेजारी बसलो होतो. नाव मी लिहिलं नव्हतं, पण सातसव्वीसची गाडी, दुसरा डबा, ट्रॉम्बोन, असं सगळं होतं. असा मुलगा एकच होता, आणि ‘संत्र्याची साल’ कोण हे तर अख्ख्या शाळेला माहीत. मी ट्रॉम्बोनवाल्यावर मरत नव्हते हेही सगळ्यांना माहीत. गाणं सुरू झालं तेव्हा रित्सुको सोलत असलेलं संत्रं तसंच हातात धरून बसली होती. मला वाटलं, लाजली. मी तिला कोपरानं ढोसलंसुद्धा.

सोमवारी ती जिन्यावरून जाताना वाद्यवृंदातल्या पोरांनी ते गाणं वाजवलं. मंगळवारीही. पोरं तिला ‘साल’ म्हणायला लागली. हिरासावानं आधीची गाडी धरायला सुरुवात केली. मग रित्सुकोनं गाडीच सोडली आणि वर्ष संपेपर्यंत खिंड चढून सायकलनं शाळेत आली. तिकिटं माझ्या घरी आली तेव्हा मी तिचं तिकीट घेऊन सायकलच्या स्टँडपाशी उभी राहिले. माफी मागायची सोडून मी म्हणाले, "अगं, जिंकलो आपण."

ती कुलूप उघडत होती. वर न बघता म्हणाली, "ते नाव परत तोंडातून काढू नकोस. आणि माझंही."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आणि मी? मी कार्यक्रमाला गेले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, रडले. पोस्टकार्ड पाठवलं ती चूक होती, असं समजून मी स्वतःला माफ केलंही असतं. पण गेले, याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

पुढं ती लग्न होऊन मात्सुयामाला गेली. ८६ नंतर दर नववर्षाला मी तिला शुभेच्छापत्र पाठवायचे आणि त्यावर पेनानं दोन ओळी खरडायचे. ‘दुकान बरं चाललंय’, ‘मुलगी नोकरीला लागली’, असलं काहीतरी. माफीचे शब्द लिहायला घेतले की ते त्या इवल्याशा कार्डावर मावायचे नाहीत. तिचंही कार्ड न चुकता यायचं. छापील. हातानं लिहिलेलं एक अक्षर नाही. बत्तीस वर्षं दर एक जानेवारीला मी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं आहे.

चित्रीकरणाच्या दिवशी सभागृहात शिरले तर सगळीकडं माझ्याच वयाच्या बायका, फुगवलेल्या केसांच्या, न लागणाऱ्या बटणांच्या. हातात माइक घेतलेली एक सहायक दिग्दर्शिका आम्हाला रांगांमध्ये बसवत होती. मला नेमकी बारावी रांग मिळाली, डावीकडची. शेजारी एक टकले गृहस्थ आले, ते दिवसभर पेंगत होते.

मधल्या वाटेपलीकडं, उजव्या बाजूला, मला रित्सुको दिसली. केस पिकले होते, अंगावर पिवळा स्वेटर. तो स्वेटर मी ओळखला, आम्ही तो एकत्र विकत घेतला होता. तिनंही मला बघितलं. आणि मग ती मंचाकडं बघायला लागली.

सहायक बाईंनी काम समजावलं. मंचावर बँड झालेली पोरं वाजवतील, पण नुसता अभिनय. गर्दीत उभे असलेले नायक-नायिका त्याच वेळी बोलणार आहेत आणि त्यांचे शब्द स्वच्छ ध्वनिमुद्रित व्हायला हवेत. तेव्हा मंडळी, तुम्ही नाचा, हात हलवा, रडा, पण आवाज नको.

"आवाज न करता ओरडा," त्या म्हणाल्या. "तोंडानं काहीही म्हणा, कुणालाच ऐकू येणार नाहीये."

चारशे माणसं जिवाच्या आकांतानं ओरडताहेत आणि सभागृहात फक्त कपड्यांची सळसळ. असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आधी हसू आलं. मग माझ्या ध्यानात आलं की इथं मला काहीही म्हणता येईल. मी मंचाकडं पाठ वळवता येईल तेवढी वळवली आणि वाटेपलीकडं बघून तोंड हलवलं. रित्सु, माझं चुकलं. रित्सु, मी जायला नको होतं.

तिनं बघितलं. तिचा वर गेलेला हात जरा थांबला. मग पुन्हा हलायला लागला, मंचाकडं.

तो प्रसंग सात वेळा घेतला. कधी दिवा चुकला, कधी नायक. सातही वेळा मी तेच म्हणाले. बत्तीस वर्षांत एकदाही निघाली नाही ती माफी त्या दिवशी मी सात वेळा मागितली आणि एकदाही कुणाला ऐकू गेली नाही. सातव्या वेळी रित्सुकोनं मान खाली घातली होती. मला काहीच कळेना.

मग कॅमेरे बंद झाले आणि लांब काठ्यांना लावलेले तीन माइक आमच्या डोक्यांवर आणून धरले, एक डावीकडं, एक मध्ये, एक उजवीकडं. आता नुसता आवाज घ्यायचा होता. मनात असेल ते, बँडवाल्यांची नावं, जे येईल ते मोकळेपणानं ओरडा, असं बाईंनी सांगितलं. सगळं सभागृह फुटलं. पेंगणारे टकलेही बेंबीच्या देठापासून ओरडले आणि मला कानांवर हात ठेवावे लागले. माझ्या तोंडून मात्र आवाज निघाला नाही. सगळा आधीच संपला होता.

टॉवेल घेऊन बाहेर आले तोवर मात्सुयामाची बस सुटली होती.

एक जानेवारीला कार्ड आलं. छापील. उलटून बघितलं, कोरं. मी ते यंदा तिच्या कार्डांच्या डब्यात ठेवलं नाही, कढईशेजारच्या फळीवर टाकून दिलं. यांनी ते उचलून पुसलं आणि डब्यात ठेवलं. मी ठरवलं होतं, पुढच्या वर्षीपासून आपणही काही लिहायचं नाही. छापीलच पाठवायचं. माणसानं किती वर्षं ढोसत राहायचं?

एप्रिलमध्ये सिनेमा लागला. हे मला ओढून घेऊन गेले. पन्नाशीच्या नवराबायकोला तिकीट स्वस्त मिळतं, तेवढं कारण यांना पुरतं. सिनेमा बराच होता. नायिका जरा जास्तच रडत होती. शेवटी आमचं सभागृह आलं, आणि एक क्षणभर माझं जॅकेटही दिसलं. सगळे मंचाकडं बघताहेत आणि एक जाडी बाई भलतीकडंच तोंड करून काहीतरी बडबडते आहे. यांनी मला कोपरानं ढोसलं.

गाणं संपलं आणि ओरडा उठला. आमचाच, त्या दिवशीचा. लाट ओसरत गेली, आणि ती ओसरताना उजव्या बाजूच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून एक आवाज एकटाच वर आला. बाईचा, फाटलेला, सगळी ताकद लावून काढलेला.

"संत्र्याची साल!"

थिएटरात हशा पिकला. दिग्दर्शकानं ते का ठेवलं, त्याचं त्याला ठाऊक.

मी खुर्चीचा हात धरला. जे नाव तोंडातून काढू नकोस म्हणाली होती, ते तिनं स्वतः काढलं होतं, चारशे माणसांत, मला ऐकू जावं म्हणून. आणि मी वाटेच्या या बाजूला कानांवर हात ठेवून उभी होते. म्हणजे तिचं उत्तर देऊन झालं होतं. त्यानंतर तीच वाट बघत होती. माझं कार्ड आलं तेव्हा तिनंही ते उलटसुलट करून बघितलं असेल, आणि त्यावर मी काय लिहिलं होतं? ‘यंदा मासळीचे भाव चढलेत.’

"कोण ही वेडी?" यांनी हसत विचारलं.

"माझी मैत्रीण," मी म्हणाले.

हसायचे थांबून यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर नावं वर सरकायला लागली होती. मी पिशवी उचलली.

"अहो, चला," मी म्हणाले. "पोस्ट बंद व्हायच्या आत मला एक कार्ड टाकायचंय."